आत ओढलेला श्वास

तो श्वास मी घेतला तेव्हा माझ्या गालात आल्याची गोळी होती, त्यामुळे तो जरा जास्तच ऐकू गेला असावा. सकाळचे आठ चाळीस. तैपेहून मोमोसे कप्तान फोनवर होते; हाकाताला यायच्या त्यांच्या उड्डाणाची आखणी माझी होती. हवा, वारा, उंची, वजन, सगळं रोजच्यासारखं वाचून झालं होतं, आणि आखणीवर सह्या करायच्या आधी ते म्हणाले, "मिझोबुची-सान, हाकाताचं आकाश मला आज काही आवडत नाहीये. आणखी एक टन तेल घेऊ का?" मी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली आणि दातांमधून हवा आत ओढली. स्स्स. फार तर दीड सेकंद. मग मी अगदी गोड आवाजात म्हणाले, "कप्तानांना योग्य वाटेल तसं." मग ते हसले. "नको, नको, राहू द्या. आहे तेवढं पुरेल." मी आभार मानले, त्यांनी माझे मानले, दोघांनी आपापल्या ठिकाणी रिकाम्या हवेला वाकून नमस्कार केला असणार, मी तर केलाच, आणि फोन ठेवला. गोळी अजून संपली नव्हती.

आमच्याकडे कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही. नाही म्हणायला जीभ लागतच नाही, दात पुरतात. दुकानात, कचेरीत, लग्न जमवताना, दातांतून हवा आत गेली की समोरच्याने समजायचं आणि आपणच आपली मागणी गुपचूप परत घ्यायची. परत घेतली नाही तर तो अडाणी. आणि ज्याने श्वास ओढला तो मोकळा. तो कुठे काय बोललाय? मोमोसे कप्तान अडाणी नव्हते. अकरा वर्षं मी त्यांच्याशी फोनवर बोलत होते, एकदाही त्यांना पाहिलं नव्हतं, पण माझा श्वास त्यांना कळतो हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणून तर घेतला.

एक टन तेल म्हणजे हवेत पंचवीस मिनिटं. हे मी त्या क्षणी मनात म्हटलं नाही. मनात होती भिंत. आमच्या खोलीच्या भिंतीवर एक तक्ता आहे, त्यावर आम्हा नऊ जणांची नावं आणि पुढे आकडे: प्रत्येकाने आखून दिलेली विमानं उतरली तेव्हा त्यांच्या टाक्यांत सरासरी किती तेल उरलं. ज्याचं सगळ्यांत कमी उरलं त्याच्या नावापुढे महिनाभर चेरीच्या फुलाचं चुंबक. शेचाळीस वर्षांच्या बाईने फुलाच्या चुंबकासाठी जीव टाकावा ही हसण्यासारखीच गोष्ट आहे, पण सलग तीन महिने ते माझ्या नावापुढे होतं आणि रोज सकाळी कोट काढताना मी तिकडे बघत होते.

परदेशातून येऊन पुढे देशात उडणाऱ्या विमानांसाठी तक्त्यात वेगळा रकाना होता, लाल. विमान तेच असतं, खुर्च्या त्याच, चहा देणाऱ्या मुलीही कधीकधी त्याच. पण तैपेहून हाकाताला येईपर्यंत ते बाहेरचं असतं आणि हाकाताहून तोक्योला निघताना आतलं. मधे कस्टमच्या एका अर्जावर शिक्का बसतो. त्याला आम्ही 'नाइहेन' म्हणतो, म्हणजे आत-बदल. परत परदेशी धाडायचं असेल तर 'गाइहेन', बाहेर-बदल. बाहेर जाणाऱ्या विमानाच्या तेलावर कर नाही, आत उडणाऱ्याच्या तेलावर आहे. म्हणून आत-बदल झाला की त्या घडीला पंखांमध्ये जे काही तेल उरलं असेल ते, कुणी डबे भरून आणल्यासारखं, आयात केलेला माल ठरतं. अर्जात त्याच्यासाठी चौकोन आहे: उरलेलं इंधन. प्रवाशाला ह्यातलं काही कळत नाही. परदेशच्या तिकिटावर दर दोन महिन्यांनी बदलणारा इंधनाचा अधिभार बघून तो कंपनीच्या नावाने बोटं मोडतो, देशातल्या तिकिटावर तो वेगळा दिसत नाही म्हणून खूश असतो. आमचे विभागप्रमुख कुसाकाबे-सान एवढंच म्हणत, "तेल वाहून न्यायलाही तेल जळतं, आणि वर त्यावर कर. ज्याचं काही उरत नाही तो हुशार." ते शांतपणे म्हणत. ओरडले असते तर मी कदाचित भांडले असते.

अकरा वाजून वीस मिनिटांनी पडद्यावरच्या त्या विमानाची रेघ वाकली. एवढंच झालं. हाकाताच्या वायव्येला समुद्रावर ती सरळ रेघ वळली आणि लंबगोल फिरायला लागली. बर्फ दुपारी दोननंतर येणार होतं. अंदाज मी दोनदा वाचला होता, हेही सांगते, कारण पुढच्या तीन दिवसांत मी स्वतःला हे शंभरदा सांगितलं. बर्फ अकरालाच आलं, धावपट्टी पांढरी झाली, ती साफ होईपर्यंत सगळ्यांना वर थांबवून ठेवलं. आत एकशे त्रेसष्ट माणसं. विमानाशी बोलायचं यंत्र मी कानाला लावलं.

"मिझोबुची-सान, तुमचं जेवण झालं का?" मोमोसे कप्तानांचा आवाज, जणू काही टपरीवर भेटलोय.

"नाही अजून, कप्तान. धावपट्टी पंधरा मिनिटांत उघडेल असं कळवलंय."

"बरं. पंधरा मिनिटं."

ते पंधरा मिनिटांनी पुन्हा आले. "ही तिसरी फेरी. खाली बर्फ काढतायत की सजवतायत?"

"आणखी पंधरा म्हणतायत."

"मघाशीही पंधराच होती. आमच्या बायकोचं 'आलेच' असंच असतं. शेवटी मी बूट काढून परत आत जाऊन बसतो."

मी हसले. हसायलाच हवं होतं, पण हसताना माझा हात टेबलावरच्या कागदावर आकडे करत होता. आत्ता किती, फेरीला किती, नागासाकीपर्यंत किती, आणि त्याखाली ज्याला हात लावायचा नाही ते शेवटचं अर्ध्या तासाचं, बाराशे किलो. त्या बेरजेत कुठे तरी एक टन असायला हवं होतं. मी पेन्सिलीने त्याच्यासाठी जागा सोडली होती हे मला नंतर दिसलं, कागदावर तेवढी एक ओळ रिकामी. मोमोसे कप्तानांनी एका अक्षराने त्या टनाची आठवण काढली नाही. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं. ते बायकोबद्दल विनोद करत होते, आणि हाच त्यांचा चांगुलपणा मला सहन होत नव्हता.

विमानाचं तेल म्हणजे फार वेगळं काही नसतं, रॉकेलचाच सख्खा भाऊ. धावपट्टीजवळ गेलं की मला तोच वास येतो. माझे आईवडील तोसाच्या डोंगरातल्या गावात रॉकेल विकायचे. वडील छोट्या ट्रकमधून डबे घरोघर पोचवायचे, भोंग्यावर एक रडकं गाणं लावून, आणि आई दुकानात बसायची. श्वास ओढायला मी तिच्याकडूनच शिकले. तिचा श्वास इतका बारीक होता की सुई ओढल्यासारखा यायचा, पण रांगेतल्या शेवटच्या माणसालाही कळायचा. नववर्षाच्या आदल्या दिवशी, मी नऊ वर्षांची असेन, वरच्या वाडीतली ओकाबे आजी आली. एकटी राहायची. म्हणाली, "सुट्टीत दुकान बंद असेल ना? आणखी एक डबा वर पोचवता येईल का?" वडील तापाने आत झोपले होते. आईने श्वास ओढला आणि म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." आजी लगेच दोन्ही हात हलवायला लागली. "छे छे, आहे की घरात अजून. उगीच आपलं विचारलं." मग चार दिवस बर्फ पडलं, वरचा रस्ता बंद झाला. आजीने पायताणं ठेवायच्या कपाटाच्या फळ्या जाळल्या, मग कपाट. पाचव्या दिवशी ती खाली उतरून दुकानात आली, बोटं काळीनिळी, आणि आईपुढे कमरेतून वाकून म्हणाली, "त्या दिवशी नको ते मागून तुम्हाला अडचणीत टाकलं. माफ करा." आजीने माफी मागितली. आईने तिला पिशवीभर संत्री दिली. ती संत्री मी भरली होती, म्हणून मला माहीत आहे, वरच्या थरातली चांगली होती आणि खालची मऊ पडलेली. आई त्यावर पुढे सदतीस वर्षांत अवाक्षर बोलली नाही. मीही कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने श्वासच ओढला असता.

"मिझोबुची-सान, मी नागासाकीला निघालो," कप्तान म्हणाले. विनोद संपले होते. मी "समजलं" म्हटलं आणि नागासाकीची हवा वाचून दाखवली. हवा बरी होती. पण हाकातावर अडकलेले सगळेच तिकडे वळले होते, आणि कप्तानांना रांगेत सहावा नंबर मिळाला. पडद्यावर सहा हिरवे ठिपके एकामागे एक, बालवाडीची पोरं रस्ता ओलांडताना असतात तसे. कुसाकाबे-सान केव्हा माझ्या मागे येऊन उभे राहिले कळलं नाही. त्यांच्या कोटाला कॉफीचा वास येत होता. खोलीत बाकीची विमानं होती, बाकीची माणसं आपल्या फोनवर सौम्यपणे बोलत होती, कुणीतरी प्रिंटरमध्ये कागद भरत होतं. मला त्या कागद भरणाऱ्याचा राग आला.

"मिझोबुची-सान." कप्तानांचा आवाज खाली आला होता, जवळ आल्यासारखा. "तो शब्द म्हणू का?"

शब्द म्हणजे 'मिनिमम फ्युएल'. वैमानिकाने तो नियंत्रकाला सांगितला की अर्थ असा, की माझ्याकडे मोजकं उरलंय, आता आणखी उशीर चालणार नाही. मग त्याला उगीच लांबून फिरवत नाहीत. पण शब्द उच्चारला की त्याचा कागद होतो, कागदाची चौकशी होते, आणि चौकशीत पहिला प्रश्न असतो: तेल इतकं कमी कुणी घेतलं? मोमोसे कप्तान त्रेसष्ट वर्षांचे होते. त्या वयात दर वर्षी नव्याने ठरवतात, माणसाला उडू द्यायचं की टेबलावर बसवायचं. एक डाग पुरतो. त्यांना शब्द म्हणायला माझ्या परवानगीची गरज नव्हती. ते मला विचारत होते, कारण तो शब्द त्यांच्याइतकाच माझाही होता, आणि त्यांना ते माहीत होतं.

"अजून एक नंबर पुढे सरकला तर गरजच पडणार नाही," मागून कुसाकाबे-सान हळूच म्हणाले. "दोन मिनिटं बघू या का?"

मी चार सेकंदं बोलले नाही. नंतर ध्वनिमुद्रणात मोजली आहेत. त्या चार सेकंदांत माझी जीभ गालात आल्याची गोळी शोधत होती, जी तीन तासांपूर्वीच विरघळली होती. माझ्या दातांच्या मागे हवा येऊन थांबलेली मला जाणवत होती, आईची, थंड, रॉकेलच्या वासाची. ती आत गेली असती तर ते "बरं, थांबतो" म्हणाले असते. नक्की म्हणाले असते. मी तोंड उघडलं आणि इतक्या मोठ्यांदा बोलले की शेजारच्या तिघांनी माना वळवल्या.

"म्हणा, कप्तान. आत्ता म्हणा."

त्यांनी म्हटलं. विमान बारा वाजून एकोणीस मिनिटांनी नागासाकीला उतरलं. टाक्यांत बाराशे नव्वद किलो. हात लावायचा नसतो त्याच्या वर नव्वद किलो, म्हणजे दोन मिनिटं आणि काही सेकंदं. मी स्वच्छतागृहात जाऊन हात धुतले, परत धुतले, आरशात बघितलं तर खालचा ओठ दातांनी फुटला होता. जागेवर आले तर फोन वाजत होता. नागासाकीचा आमचा माणूस. आत-बदलाचा अर्ज आता तिथूनच करायचा होता आणि त्याला चौकोनात भरायला आकडा हवा होता. मी सांगितला.

"बाराशे नव्वद? फक्त?" तो खुशीत हसला. "वा! आज कस्टमच्या हाती भोपळाच! कुणी आखलं होतं हो हे विमान? त्याला फूल द्या."

महिनाअखेरीला अजून आठवडा होता, पण माझी सरासरी त्या एका आकड्याने इतकी खाली गेली की चौथ्या महिन्याचं फूल माझंच होतं. मी त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर ते चुंबक काढून खिशात टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी बघायच्या आत परत लावलं. मी अशी आहे. जे काढायचं तेही चोरून, जे लावायचं तेही. दोन रात्री मी स्वतःला समजावत होते की मी काही म्हटलंच नव्हतं. 'कप्तानांना योग्य वाटेल तसं' हे वाक्य मी घासून घासून इतकं स्वच्छ केलं की त्यात माझा चेहराही दिसेना.

चौकशी तिसऱ्या दिवशी, सातव्या मजल्यावर. टेबलावर चहा, मधे ध्वनिमुद्रणाचं यंत्र, टोकाला टिपणं घ्यायला सचिवालयातल्या निनोमिया-सान. दार उघडलं आणि एक बुटका माणूस आत आला, कान मोठे, हातात टोपी. मी अकरा वर्षं एका उंच माणसाशी बोलत होते. तो माझ्यासमोर येऊन थांबला.

"तुम्ही मिझोबुची-सान? आवाजावरून मला किरकोळ बांध्याच्या वाटायचात."

"मलाही तुम्ही उंच वाटायचात."

"बायकोलाही लग्नाआधी वाटायचो. तेव्हाही फोनच होता." आणि मग, हसू चेहऱ्यावर तसंच असताना, ते कमरेतून वाकले, खूप खाली, डोक्यावरचं टक्कल मला दिसेपर्यंत. "त्या दिवशी मी तुम्हाला अडचणीत टाकलं. माफ करा."

मला त्या खोलीत रॉकेलचा वास आला, खरंच आला, आणि संत्र्यांचा. ते वाकले होते म्हणून मीही वाकले, आणि आम्ही दोघं तसेच, आधी कोण सरळ होणार ह्याची वाट बघत.

त्यांनी सगळं अंगावर घेतलं. म्हणाले, "मी कमी घेतलं, अंदाज माझा चुकला, जादा घेण्याचा विचार मनात आला होता पण मीच सोडून दिला." मला वाचवायला म्हणून ते बोलत नव्हते, हे मला कळत होतं. त्यांना ते तसंच झालं असं खरोखर वाटत होतं. मागणारा आपली मागणी परत घेतो, आणि परत घेतली म्हणजे ती नव्हतीच. निनोमिया-सान लिहीत होत्या. मग कुसाकाबे-साननी त्या सकाळच्या फोनचं ध्वनिमुद्रण लावलं. माझा आवाज खोलीत आला, मला वाटला होता त्याहून गोड. 'कप्तानांना योग्य वाटेल तसं.' मग कप्तानांचं हसू. नको, नको, राहू द्या. कुसाकाबे-साननी यंत्र थांबवलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे मायेने बघितलं.

"म्हणजे हे स्पष्टच आहे," ते म्हणाले. "नियोजकांनी निर्णय कप्तानांवर सोपवला होता. कप्तानांनी तो स्वतः घेतला. मोमोसे कप्तान, ह्याला तुमची हरकत नाही ना?"

"नाही," मोमोसे कप्तान म्हणाले. त्यांची टोपी त्यांच्या मांडीवर होती आणि ते तिच्या कडेवरून अंगठा फिरवत होते, एकाच जागी, परत परत. तोच अंगठा उद्यापासून कुठल्या तरी टेबलावर पेनाचं टोपण उघडत-मिटत बसणार होता.

"जरा मागे घ्या," मी म्हटलं.

कुसाकाबे-सान थांबले. "काय?"

"ध्वनिमुद्रण. माझ्या वाक्याच्या आधी, दोन-तीन सेकंदं. आणि आवाज वाढवा."

आणि तेव्हा कुसाकाबे-साननी दातांमधून हवा आत ओढली. सावकाश, लांब, डोकं एका बाजूला कलवून. अख्ख्या खोलीला कळलं. निनोमिया-साननी पेन कागदावरून उचललं. मोमोसे कप्तानांनी माझ्याकडे बघून किंचित मान हलवली, नको, नको, राहू द्या. मला आता फक्त 'छे, उगीच आपलं म्हटलं' एवढंच म्हणायचं होतं. ते माझ्या तोंडात तयार होतं. मी उठले, हात लांब करून यंत्र माझ्याकडे ओढलं आणि स्वतःच मागे घेतलं.

'आणखी एक टन तेल घेऊ का?' मग गोळी दातावर आपटल्याचा टक् असा आवाज. मग ते. सातव्या मजल्यावरच्या त्या शांत खोलीत ते इतकं मोठं होतं की मलाच शरम वाटली. स्स्स. मी ते तिथेच थांबवलं. कुणीही कुणाकडे बघत नव्हतं. मोमोसे कप्तानांनी डोळे मिटले होते.

निनोमिया-साननी घसा साफ केला. त्या फार अदबीने बोलतात. "क्षमा करा, पण ह्याचं काय लिहू? टिपणात फक्त बोललेलं लिहायचं असतं. हा काही शब्द नाही."

"आहे," मी म्हटलं. माझा आवाज कापत होता आणि मी तो कापू दिला. "माझ्या नावापुढे लिहा: 'नाही'."

त्यांनी कुसाकाबे-सानकडे बघितलं, मग कप्तानांकडे, मग खाली मान घालून लिहिलं.